ओळख विचारणारी दारं

कारंज्याला चार वेशी. दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस आणि मंगरूळ वेस. ज्या दिशेचा रस्ता, तिकडच्या गावाचं नाव दाराला. आता त्या वाटांनी मोटारसायकली आणि ऑटो जातात, "दिल्ली वेशीपाशी थांब" असं सांगून माणसं भेटतात. पण ज्या काळी वेशींना कवाडं होती, त्या काळी कारंजं वऱ्हाडातलं गबर व्यापारी गाव होतं आणि राखण्यासारखं त्याच्याजवळ पुष्कळ होतं. १६७० च्या अखेरीस मराठी फौजा वऱ्हाडात उतरल्या आणि त्यांनी कारंजं लुटलं, तेव्हा किती सोनं-रुपं आणि उंची कापड हाती लागलं याची वर्णनं इतिहासाच्या पुस्तकांत आहेत. गावाभोवती भिंत, भिंतीला मोजकीच दारं, दारावर माणूस आणि येणाऱ्याला प्रश्न, अशी तेव्हाच्या संरक्षणाची रीत होती. विमानतळाची रीत आजही तीच आहे. प्रश्न विचारणारा मात्र बदलत चालला आहे.

माझ्या लहानपणी वेशीवर कोणी बसत नसे, पण प्रश्न शिल्लक होता. नवखा माणूस गल्लीत शिरला की ओट्यावरून आवाज यायचा, "कोठी चालले बाप्पा? कोनाकडचे व्हय तुमी?" पाहुण्यानं नाव सांगितलं की विचारणारा उठून घरापर्यंत पोचवायला यायचा. गुरुमंदिरात नृसिंह सरस्वतींच्या दर्शनाला दूरदूरची माणसं येत, जैन मंदिरांत यात्रेकरू येत. म्हणजे नवख्यांची गावाला सवय होती, तरी प्रश्न चुकत नसे. त्या विचारण्यात चौकशी होती, राखण होती आणि आतिथ्यही होतं. तिन्ही गोष्टी एकाच वाक्यात सामावलेल्या असत.

प्रवासालाही तोच नियम. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला ही रेल्वेगाडी आमच्या कारंज्यातून जायची. एकशे तेरा किलोमीटरचा अरुंद रूळ, किलिक निक्सन या इंग्रजी कंपनीच्या मालकीचा, कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठी टाकलेला. तिचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडलेलं. १५ एप्रिल १९९४ रोजी डिझेल इंजिनानं त्याची जागा घेतली, तोवर ते वाफेवरच धावलं. या गाडीत सामान तपासण्याची कल्पनाच कोणाच्या मनात येत नसे. पत्र्याची ट्रंक, वळकटी, तुरीच्या डाळीची पिशवी, कोंबडीची पाटी, सगळं डब्यात. मधल्या स्टेशनांवर गार्डच तिकिटं फाडायचा. रोजच्या प्रवाशांना तो नावानं ओळखायचा. एखादा नेहमीचा माणूस फलाटावर दिसला नाही तर "आज मास्तर नाही आले?" असं तोच विचारायचा. गाडीची सुरक्षा या ओळखीवर उभी होती. ती शकुंतला बंद पडून आता काही वर्षं झाली आहेत.

विमान मात्र आमच्यासाठी नागपूरचं. तिथल्या विमानतळाचं सोनेगाव हे नाव घरात आदरानं घेतलं जाई. देशाच्या मध्यावर असल्यानं १९४९ पासून रात्रीच्या टपालाची विमानं दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघून मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. आमच्या वडीलधाऱ्या मंडळींना ही गोष्ट तोंडपाठ होती. विदर्भाच्या मातीवर रोज रात्री चार दिशा भेटतात, याचा त्यांना केवढा अभिमान!

त्या काळी गल्लीतला कोणी आखातात किंवा अमेरिकेला निघाला की त्याला पोचवायला जीपभर माणसं सोनेगावला जात. विमानतळ म्हणजे एक बैठी इमारत. प्रवेशपास काढून नातेवाईक आतपर्यंत जात, आणि विमान उडेपर्यंत कोणी जागचं हलत नसे. तिकीट कागदी, कार्बनच्या लाल अक्षरांचं, पुस्तकासारखं शिवलेलं. तपासणी पोलिसाच्या हातानं. पिशवीची चेन उघडायची, हात आत घालायचा, डब्यात काय आहे ते विचारायचं. डब्यात अनारसे निघाले तर पोलिसाच्या चेहऱ्यावर हसू उमटे. मग त्याच्या हातातला शिक्का पिशवीच्या पुठ्ठ्याच्या टॅगवर उमटे. हा शिक्का प्रवासभर जपायचा. तो फिका उमटला असेल तर विमानाच्या शिडीपाशी पुन्हा मागे पाठवत.

आणखी एक प्रथा आजच्या मुलांना सांगितली तर खरी वाटत नाही. विमानात चढण्याआधी धावपट्टीलगत सगळ्या प्रवाशांच्या मोठ्या बॅगा ओळीनं मांडून ठेवत. उन्हात किंवा विमानाच्या सावलीत. प्रत्येकानं आपली बॅग बोटानं दाखवायची, कर्मचारी तिच्यावर खडूनं खूण करायचा आणि मगच ती विमानाच्या पोटात जायची. आमच्याकडच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं नाव आणि "कारंजा (लाड), जि. अकोला" असं लिहिलेलं असे, कारण वाशीम जिल्हा १९९८ साली झाला. नाव वाचून बाजूचा अनोळखी प्रवासी विचारायचा, "कारंज्याचे का? आम्ही मूर्तिजापूरचे." सामानाच्या तपासणीत माणसांची ओळख व्हायची.

ही प्रथा का होती, हे मला फार उशिरा कळलं. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान अटलांटिकवर बॉम्बस्फोटानं पडलं आणि ३२९ माणसं गेली. ज्या बॅगेत बॉम्ब होता, तिचा मालक विमानात चढलाच नव्हता. बॅग आत आणि माणूस बाहेर, ही एवढीशी फट होती. प्रत्येक प्रवाशानं आपली बॅग बोटानं दाखवायची, याचं मोल या फटीपाशी कळतं. आपल्याकडच्या विमानतळ सुरक्षेचा सगळाच इतिहास अशा घावांनी लिहिला गेला आहे. सप्टेंबर १९७६ मध्ये दिल्लीहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान पळवून लाहोरला नेलं, त्यानंतर पांडे समिती नेमली गेली आणि जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षेचा विभाग सुरू झाला. 'कनिष्क'नंतर १ एप्रिल १९८७ पासून तो स्वतंत्र ब्युरो झाला. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेलं विमान कंदाहारला नेलं गेलं, आणि ३ फेब्रुवारी २००० रोजी जयपूरपासून विमानतळांची राखण राज्य पोलिसांकडून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जायला लागली. नियम जाचक वाटतात तेव्हा मी या तारखा आठवतो. त्यांतल्या काही नियमांमागे कोणाच्या तरी घरी न परतलेलं माणूस आहे.

मग यंत्रं येत गेली आणि एकेक जुनी खूण मिटत गेली. धावपट्टीजवळच्या बॅगांच्या ओळी गेल्या. सामान तपासणारं एक्स-रे यंत्र आधी दाराशी होतं आणि तपासलेल्या बॅगेला प्लास्टिकची पट्टी आवळली जाई. मोठ्या विमानतळांवर ते यंत्र पट्ट्याच्या आड, नजरेबाहेर गेलं. शिक्काही गेला. २०१६ च्या डिसेंबरात चाचणी झाली आणि १ एप्रिल २०१७ पासून दिल्ली, मुंबई, बंगळूर, हैदराबाद, कोलकाता, कोची आणि अहमदाबाद या सात विमानतळांवर हातातल्या पिशवीच्या टॅगवर शिक्का मारणं थांबलं. पुढे इतर विमानतळांवरही थांबलं. शिक्क्याचं काम कॅमेऱ्यांनी घेतलं. टॅग सांभाळण्याची धाकधूक गेली, हे चांगलंच झालं.

आता पाळी चेहऱ्याची आहे. १ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली, बंगळूर आणि वाराणसीला 'डिजियात्रा' सुरू झाली. मार्च २०२३ च्या अखेरीस कोलकाता, पुणे आणि विजयवाडा इथे ती पोचली. सप्टेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळीला आणि आमच्या शेजारच्या रायपूर, इंदूरलाही. प्रवाशानं मोबाइलवर ॲप घ्यायचं, आधारनं ओळख पटवायची, स्वतःचा फोटो काढायचा, बोर्डिंग पास जोडायचा. विमानतळाच्या दाराशी कॅमेऱ्यापुढे उभं राहायचं. चेहऱ्याची मापं जुळली की काचेची झडप आपोआप उघडते. माहिती प्रवाशाच्या मोबाइलमध्येच राहते, फक्त प्रवासापुरती विमानतळाकडे जाते आणि विमान उडाल्यापासून चोवीस तासांत पुसली जाते, असा या व्यवस्थेचा नियम आहे.

या यादीत मला वाराणसी आणि विजयवाडा ही नावं महत्त्वाची वाटतात. विमानतळ प्राधिकरणानं चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेसाठी पहिल्या टप्प्यात जे चार विमानतळ निवडले, त्यांत कोलकाता आणि पुण्याच्या जोडीला ही दोन तुलनेनं लहान ठिकाणं होती. लहान विमानतळावर नवं यंत्र आधी तपासण्यात शहाणपण आहे. तिथे गर्दी बेताची असते, काही अडलं तर देशभरच्या विमानांचा खोळंबा होत नाही, आणि कर्मचाऱ्याला थांबून प्रवाशाशी दोन शब्द बोलता येतात. शिवाय तिथला प्रवासी वेगळा असतो. तीर्थयात्रेला निघालेली आजी, पहिल्यांदा विमानात बसणारा शेतकरी, मुलाकडे निघालेलं जोडपं. यंत्र त्यांच्यापुढे टिकलं तरच ते सगळ्या देशाचं झालं असं म्हणता येईल.

लहान विमानतळापासून सुरुवात जगातही झाली आहे. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनला द्रव स्फोटकांचा कट उघड झाला, आणि हातातल्या पिशवीत शंभर मिलिलिटरहून मोठ्या बाटलीतून द्रव न्यायला जगभर बंदी आली. पिशवीचं त्रिमितीय चित्र दाखवणारी नवी सीटी यंत्रं आल्यावर ब्रिटनमध्ये ही बंदी आधी उठली ती टीसाइडसारख्या लहान विमानतळावर, २०२३ मध्ये. पाठोपाठ लंडन सिटी. पण जून २०२४ मध्ये सरकारनं नवी यंत्रं बसलेल्या विमानतळांवर तोच जुना नियम तात्पुरता परत लावला. प्रवासी गोंधळले, विमानतळांची गैरसोय झाली. तरी मला ती माघार जबाबदारीची वाटते. चाचणी म्हणायचं असेल तर पाऊल मागे घेण्याची तयारी हवीच.

आमच्या भागात हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला, त्यावर कारंज्याला चढण्या-उतरण्याची जागा आहे; ज्या सोनेगावासाठी पहाटे निघून दुपारी पोचायचो, ते दोनेक तासांवर आलं. आणि १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. १८५० मीटरची धावपट्टी, दोन पंख्यांचं सत्तरेक आसनांचं एटीआर विमान. कारंज्याची पोरं पुण्या-मुंबईत नोकऱ्या करतात; त्यांच्या आई-वडिलांना विमान आता तास-दीड तासाच्या वाटेवर आलं. उद्या बेलोऱ्यासारख्या छोट्या इमारतींत चेहरा ओळखणारी दारं, अंग न चाचपता तपासणारे स्कॅनर आणि आपोआप परत येणारे ट्रे बसतील. ते बसावेत असंच मला वाटतं. पण कसे बसावेत याबद्दल माझ्या मनात काही आग्रह आहेत, आणि ते जुन्या दिवसांतूनच आले आहेत.

पहिला आग्रह हातांचा आणि चेहऱ्यांचा. रेशन दुकानात अंगठ्याचं यंत्र आलं तेव्हा आमच्याकडच्या कितीतरी बायकांचे अंगठे त्यावर उमटत नव्हते. कापूस वेचून, निंदण-खुरपण करून रेषाच झिजल्या होत्या. चूक त्यांच्या हातांची नव्हती. असे हात समोर ठेवून यंत्र तपासलं गेलं नव्हतं. चेहऱ्याचं तसंच होऊ शकतं. आधार कार्डावरचा फोटो दहा-बारा वर्षांपूर्वीचा, मध्यंतरी दात गेलेले, उन्हानं चेहरा रापलेला, डोक्यावर पदर, कपाळावर मोठं कुंकू, वारकऱ्याचा बुक्का, शेतकऱ्याचा रुमाल. दिल्ली-बंगळूरच्या रोजच्या प्रवाशांवर शिकलेल्या यंत्राला ही माणसं नवखी वाटतील. म्हणून चाचणी आमच्या माणसांवर, आमच्या विमानतळावर व्हायला हवी.

दुसरा आग्रह संमतीचा. २०२४ च्या सुरुवातीला काही विमानतळांवर प्रवाशांना पुरेसं न सांगताच त्यांचा चेहरा टिपला जातो, अशा तक्रारी जाहीरपणे झाल्या. डिजियात्रा ऐच्छिक आहे, असं सरकारनं त्या वेळी पुन्हा स्पष्ट केलं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं खासगीपण हा मूलभूत हक्क मानला आणि २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. हे हक्क कागदावर आहेत. दाराशी उभ्या असलेल्या म्हातारीपर्यंत ते मराठीतून पोचायला हवेत. "माय, हा कॅमेरा तुमचा फोटो घेईन. नको असन तर त्या दारातून या, तिथंबी तेवढाच वेळ लागन." एवढं वाक्य पुरेसं आहे, पण ते बोलणारा माणूस तिथे नेमलेला हवा.

आणि इथेच जुन्या काळाबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. "कोनाकडचे व्हय तुमी?" हा प्रश्न मला ऊबदार आठवतो, कारण माझं उत्तर मान्य होणारं होतं. त्याच प्रश्नाच्या पोटात जातही विचारली जाई. गावकुसाबाहेर राहणाऱ्याला वेशीवरचा तोच आवाज वेगळ्या सुरात ऐकू येई. ओळखीवर चालणारी राखण ओळख नसलेल्यावर अन्याय करते, आणि नको ती ओळख असलेल्यावर त्याहून जास्त. यंत्राला आडनाव कळत नाही. काचेची झडप सगळ्यांसाठी सारख्याच वेगानं उघडू शकते. जुन्या दिवसांवर माझं प्रेम आहे, पण या एका बाबतीत नवं दार जुन्यापेक्षा चांगलं होऊ शकतं, आणि मी त्याच्या बाजूनं उभा आहे.

शरीराच्या तपासणीचंही तेच. पडद्याआड हातांनी होणारी चाचपणी कितीतरी बायकांना नकोशी वाटते. गुडघ्यात धातूची वाटी किंवा हाडात सळई असलेल्याला प्रत्येक दारात आवाज होतो आणि प्रत्येक वेळी सगळं सांगावं लागतं. नृत्यांगना-अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं की विमानतळावर दर वेळी त्यांना कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो. सुरक्षा दलानं त्यांची माफी मागितली. मिलिमीटर लहरींचा स्कॅनर अशांसाठीच मोलाचा आहे. तो क्ष-किरण वापरत नाही, पडद्यावर माणसाचं अंग न दाखवता बाहुलीसारखी आकृती दाखवतो आणि संशयाच्या जागेवर फक्त खूण करतो. दिल्ली विमानतळानं २०२५ मध्ये त्याची चाचणी हाती घेतली. पण ज्या गावात जयपूर फूट लावून शेतात उभी राहणारी माणसं आहेत, त्यांच्या जवळच्या विमानतळावर हा स्कॅनर आधी यायला हवा. सोय मोठ्या शहरांत सुरू होऊन उरली तर लहान गावाला, ही वाट आम्ही रस्त्यापासून दवाखान्यापर्यंत पुष्कळ वेळा पाहिली आहे.

शकुंतलेचा गार्ड, सोनेगावचा पोलीस आणि खडूनं खूण करणारा कर्मचारी यांच्या हातून चुका होत असतील. दमल्या नजरेतून काही सुटत असेल. पण थांबलेल्या माणसाला पाहून ते स्वतः थांबत. ते उत्तर देऊ शकत. यंत्राकडे मी एवढंच मागतो की त्यानं या माणसांचं मोजणं, पाहणं, नोंदणं घ्यावं, आणि वाचलेला वेळ त्यांना परत द्यावा, म्हणजे अडलेल्या प्रवाशाजवळ जायला त्यांना सवड मिळेल. यंत्र आलं म्हणून माणूस कमी केला, तर वाचलेला पैसा कोणाच्या तरी अपमानातून येईल.

नव्या यंत्रांच्या चाचणीत किती मिनिटं वाचली, किती चेहरे जुळले, किती चुकले, हे मोजलं जातं आणि जायलाच हवं. छोट्या विमानतळांवर त्यात आणखी एक मोजमाप घालावं: ज्यांचे चेहरे जुळले नाहीत, ती माणसं किती वेळ उभी राहिली, त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोललं गेलं आणि त्यांना विमान मिळालं का. हा हिशेब दर वर्षी मराठीतून जाहीर व्हावा. यंत्र चांगलं आहे की नाही, हे त्याला ज्यांना ओळखता आलं नाही त्यांच्याशी ते कसं वागलं यावरून ठरवायचं, आणि हे ठरवण्याचा हक्क पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या माणसाला असला पाहिजे.